सात नंबरच्या चिठ्ठ्या

८ ऑगस्ट

प्रिय मावशी,

नमस्कार, खुशाली, तुझ्या गुडघ्यांची चौकशी हे सगळं लिहून झालं असं समज, मला धीर नाही. मला ऑनर्सला घेतलं! साडेतीनशे अर्ज आले होते, घेतले बावीस. यादी लागली तेव्हा मी खालून वर वाचत गेले, म्हटलं असलंच तर तळाला असेल. वरून पाचवं नाव माझं निघालं.

आता तू विचारशील, हे ऑनर्स म्हणजे काय आणि त्यानं पोट भरतं का. सांगते. एरवीच्या वर्गात दोनशे डोकी असतात, मागच्या बाकावर कोणी मेलं तरी पुढं कळत नाही. आमचा वर्ग बावीस जणांचा. गोल टेबलाभोवती बसायचं, प्राध्यापक नावानं हाक मारतात, आणि उत्तर चुकलं तर रागावण्याऐवजी 'असं का वाटलं तुला?' म्हणून विचारतात. ग्रंथालयात तिसऱ्या मजल्यावर मला स्वतःचं टेबल मिळालंय, खाली कुलपाचा खण. पुढं नोकरीला नाहीतर वरच्या शिक्षणाला जाताना यांचं शिफारसपत्र असलं की अर्धं काम होतं म्हणे. आणि वर्षभरात प्रत्येकानं एक प्रबंध लिहायचा. पुस्तकांतून उतरवलेला चालत नाही, स्वतः शोधून काढलेलं काहीतरी हवं.

पहिल्या दिवशी घरचे काय करतात ते सांगायचं होतं. एकीचे वडील सर्जन, एकाची आई न्यायाधीश, एकाचं आख्खं घर वकिलांचं. माझी पाळी आली तेव्हा सरळ सांगितलं, की मला मावशीनं वाढवलं आणि ती इस्पितळाच्या लाँड्रीत कपड्यांच्या घड्या घालते. तास संपल्यावर मॅडमनी मला थांबवून घेतलं. म्हणाल्या, "बाकीचे विषय शोधत फिरतील. तुझा विषय तुझ्या घरात बसलाय."

तेव्हा आता तू लिही. कामाबद्दल, बारीकसारीक सगळं. फोनवर नको. तारीख घातलेलं पत्र पुरावा म्हणून धरतात, फोन धरत नाहीत. आणि तुझं अक्षर तसंही माझ्यापेक्षा चांगलं आहे.

तुझी
भिंगरी

१७ ऑगस्ट

भिंगरे,

तुझ्या पत्राची पहिली बाजू टेबलावर वाचून दाखवली. टेबल म्हणजे जेवायचं नव्हे, आमचं घड्यांचं, सात जणी उभ्या असतो ते. ऑनर्स काय ते कोणाला धड समजलं नाही, पण साडेतीनशेतून बावीस हे सगळ्यांना समजलं. आमच्यातली सगळ्यात जुनी, अक्का, म्हणाली, "बाविसात पाचवी म्हणजे आपली पोर मुकादमाच्या वरची झाली." मुकादम तिथंच उभा होता. त्यालाही हसावं लागलं.

प्रबंधाचं मात्र कोणाला सांगितलं नाही. आमच्या कामावर कोणी पुस्तक लिहिणार म्हटलं तर आधी माझीच थट्टा होईल. तुझा विषय घरात बसलाय म्हणे. बसायला वेळ असता तर! आठ तास उभी असते ती.

कपडे यंत्रं धुतात, आम्ही नाही, हे आधी लिहून ठेव. लोकांना वाटतं आम्ही दिवसभर पाण्यात हात घालून असतो. धुतलेलं रोलरमधून गरम गरम निघतं आणि आमच्या टेबलावर येतं. पेशंटचे झगे, उशांचे अभ्रे, लहान चादरी. घडी घालायची, दहांचा गठ्ठा करायचा, सुतळीनं बांधायचा आणि सुतळीखाली आपल्या नंबरची चिठ्ठी सरकवायची. पाळी सुरू होताना मुकादम प्रत्येकीला चाळीस चिठ्ठ्या मोजून देतो. पाळी संपताना एकही हातात उरता कामा नये. माझा नंबर बारा, अक्काचा सात.

घडी मला अक्कानं शिकवली. पहिल्या दिवशी मला वाटलं घडीत शिकायचं काय. तिनं माझे सगळे झगे उलगडून परत माझ्यापुढं टाकले. झग्याच्या नाड्या आत गुंडाळल्या तर नर्सला घाईत सापडत नाहीत, बाहेर सोडल्या तर गठ्ठ्यात गुंततात. त्या घडीच्या तोंडाशी याव्या लागतात. मला ते जमायला पंधरा दिवस गेले.

यातून प्रबंध कसा काढायचा ते तुझं तू बघ. जेवतेस ना वेळेवर?

मावशी

२ सप्टेंबर

प्रिय मावशी,

मॅडमनी तुझं पत्र वर्गात वाचलं. 'बसायला वेळ असता तर' याला सगळे मोठ्यानं हसले. सर्जनची मुलगी म्हणाली, तुझ्या मावशीनं लिहायला हवं होतं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

पण मॅडम म्हणतात, काम कसं चालायला हवं ते यात आलं, कसं चालतं ते आलं नाही. समासात त्यांनी एकच प्रश्न लिहिलाय: ज्यांना चाळीस जमत नाहीत त्यांचं काय होतं? खरंच गं, सातही जणींचे रोज चाळीस कसे भरतात? कोणी आजारी पडत नाही? कोणी म्हातारं होत नाही? तू मला लहानपणी सांगायचीस की टेबलावरच्या बायका एकमेकींना सांभाळून घेतात. कशा सांभाळून घेतात, नेमकं तेच मला हवंय.

बाकीच्यांचे विषय फार पुढं गेलेत. एकजण तर परदेशी जाऊन जुनी कागदपत्रं बघून आला. मला कधी कधी वाटतं, मला इथं चुकून घेतलंय आणि एक दिवस ते कोणाच्या तरी लक्षात येईल. माझ्याकडे तुझ्या पत्रांशिवाय दुसरं काही नाही, मावशी.

भिंगरी

१४ सप्टेंबर

भिंगरे,

लिहू की नको करत चार दिवस काढले. टेबलावरची गोष्ट टेबलावरच राहते, हा आमचा एकच नियम. पण तुझं ते 'चुकून घेतलंय' वाचलं आणि राहवेना. माझी पोर तिथं कोणाच्या मेहेरबानीनं बसलेली नाही.

तर ऐक. अक्काच्या उजव्या हाताची बोटं दोन वर्षांपासून सरळ होत नाहीत. तिचे पंचवीस गठ्ठे होतात, त्यापुढं हात चालत नाही. चहाची सुट्टी झाली की ती आपल्या पंधरा चिठ्ठ्या टेबलाच्या कडेला ठेवते आणि चहा घ्यायला वळते. बोलत काही नाही. ती परत वळेपर्यंत चिठ्ठ्या उचललेल्या असतात. आम्ही सहा जणी, कोणी दोन घेतं, कोणी तीन. त्या दिवशी आपले चाळीस बांधायचे आणि वर तिचे दोन-तीन बांधून त्यांना सात नंबर लावायचा. याला आम्ही 'हात देणं' म्हणतो. आभार मानायचे नाहीत आणि कोणी किती दिले ते काढायचं नाही. हे कधी सुरू झालं ते विचारू नकोस, जुनं आहे.

मुकादमाला कळत कसं नाही? तो चिठ्ठी बघतो, गठ्ठा बघत नाही. गठ्ठा बघितला तर लगेच कळेल, कारण प्रत्येकीची सुतळीची गाठ वेगळी. माझी दुहेरी. नवी म्हणून एक मुलगी आहे, लागून वर्ष झालं तरी नाव नवीच, ती डावखुरी म्हणून तिची गाठ उलटी. अक्काची दीड हातानं मारलेली, एक टोक लांब सुटलेलं. गठ्ठा कोणाचा ते आम्ही गाठीवरून लांबून सांगतो.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात अक्काची तीस वर्षं भरतात. भरली की पेन्शन. घरी तिचं दुसरं कोणी नाही. तोवर तिला ढकलत न्यायचं, एवढंच आमचं चाललंय.

हे लिहिलं ते तू माझी आहेस म्हणून. प्रबंधात घालायचं तर घाल, पण नाव, नंबर, इस्पितळ यातलं काही येता कामा नये. बाकी तुला कळतंच, तू ऑनर्सवाली.

मावशी

११ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

मधल्या दोन चतकोर पत्रांबद्दल रागावली असशील. रागाव, पण आधी हे वाच. काल प्रबंध-दिवस झाला. सभागृहात दीडशे माणसं, पुढच्या रांगेत पाहुणे: देणगीदार, अधिकारी, कंपन्यांचे लोक. बावीस जणांनी आपापला प्रबंध वीस मिनिटांत मांडायचा होता.

तू सांगितलं तसं नाव, नंबर, इस्पितळ सगळं काढलं. 'एक मोठी संस्था' एवढंच ठेवलंय. 'हात देणं' याला मॅडमनी 'अनौपचारिक भार-वाटप' असा शब्द सुचवला, तो शीर्षकातच घेतला. गाठी मात्र तशाच ठेवल्या. त्या परिच्छेदाला मॅडमनी दुहेरी रेघ मारून बाजूला 'सोनं!' लिहिलं होतं, तो कसा काढणार? मी सुतळीचे तीन तुकडे घेऊन गेले होते. तुझी गाठ, नवीची गाठ आणि अक्कांची लांब टोकाची, तिन्ही तिथल्या तिथं मारून दाखवल्या. मधेच टाळ्या पडल्या, मावशी. कोणाच्याच मधे पडल्या नव्हत्या.

नंतर पाहुण्यांतले एक गृहस्थ स्वतः उठून माझ्यापाशी आले. इस्पितळांच्या लाँड्र्या चालवायला घेणारी कुठलीशी कंपनी आहे, तिथले वरचे साहेब. म्हणाले, "असं निरीक्षण आमच्या दहा वर्षांच्या मॅनेजरांना जमत नाही." गाठींबद्दल परत खोदून विचारलं. प्रत मागितली, मॅडमनी लगेच दिली. सुट्टीत आमच्याकडे काम करशील का, असंही विचारलं.

तू मागं विचारलं होतंस, ऑनर्सनं मिळतं काय. हे मिळतं. ज्यांच्या हापिसात आपल्याला फाटकाच्या आत घेत नाहीत, ती माणसं खुर्चीवरून उठून आपल्याशी बोलायला येतात. आणि हे सगळं तुझ्या पत्रांमुळं.

भिंगरी

२ मार्च

भिंगरे,

तुझे ते गृहस्थ उंच आहेत का? कानांवर पांढरे केस, बोलताना मनगटावरचं घड्याळ फिरवत राहतात? मग ते सोमवारी आमच्याकडे येऊन गेले. आमची लाँड्री त्यांच्याच कंपनीकडे आहे. भिंतीवर पाटी आहे, मी सोळा वर्षं तिच्याखालून जाते, पण तुला कधी नाव सांगितल्याचं आठवत नाही.

पाळी संपल्यावर त्यांनी मुकादमाला बाजूला उभं केलं. लांब टोकाची गाठ कुठल्या नंबरावर येते ते शोधलं आणि सात नंबरचे चाळीस गठ्ठे जमिनीवर ओळीनं मांडायला लावले. मग हातात कागद घेऊन स्वतः उकिडवे बसले आणि एकेक गाठ बघत गेले. लांब टोकाची एकीकडे, दुहेरी दुसरीकडे, उलटी तिसरीकडे. बघता बघता सात ढीग झाले. एक पंचविसांचा, बाकीचे दोन-दोन, तीन-तीन गठ्ठ्यांचे.

"यातले तुमचे कुठले?" त्यांनी अक्काला विचारलं.

अक्कानं लांब टोकाच्या ढिगाकडं बोट केलं आणि म्हणाली, "टोक कापायचं राहतं साहेब, उद्यापासून कापीन." तिला वाटलं, गाठ गबाळी म्हणून रागावलेत.

तिला घरी बसवलंय. दोन एप्रिलला चौकशी आहे. खोट्या चिठ्ठ्या लावल्या असं ठरलं तर नोकरी जाते आणि नोकरीबरोबर पेन्शनही. तीस वर्षं भरायला सहा महिने उरले होते.

टेबलावर आता एकच विषय, फोडलं कोणी. नवी मागच्या महिन्यात रजेसाठी दोनदा मुकादमाशी बोलली होती. सगळ्यांनी तिच्यावर बोट ठेवलं. तिच्याशेजारी कोणी उभं राहत नाही, तिच्या हातचा चहा कोणी घेत नाही. ती रडून सांगत होती की मी नाही, आणि मी समोर उभी राहून झग्यांच्या नाड्या सरळ करत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी डोळ्यांनी बघितलं, आणि चोर मीच होते.

मावशी

८ मार्च

मावशी,

मला खरंच माहीत नव्हतं. नाव नव्हतं, नंबर नव्हता, गावसुद्धा नव्हतं. तूच म्हणाली होतीस घालायचं तर घाल. मॅडम म्हणतात, आपल्या बाजूनं सगळे नियम पाळले गेलेत, त्या माणसानं प्रबंधाचा गैरवापर केला. पण ते ऐकून मला काही बरं वाटत नाही.

मी काय करू ते सांग. सांगशील ते करते. शप्पथ.

भिंगरी

१५ मार्च

भिंगरे,

सांगशील ते करते म्हणालीस, म्हणून सांगते.

कामगारांच्या बाजूनं बोलायला युनियनचे एक प्रतिनिधी येतात. त्यांचं म्हणणं असं: साहेबाच्या हातात तुझ्या प्रबंधाची पानं सोडली तर नुसती सुतळी आहे. सुतळीनं काही शाबीत होत नाही, बायका एकमेकींचे गठ्ठे बांधू लागतात एवढंच म्हणता येतं. पानं लिहिणारीनं एक ओळ लिहून दिली, की हे मी मनानं रचलं, अशी जागा नाही आणि अशा बायका नाहीत, तर प्रकरण तिथंच बसतं. एक ओळ, खाली सही. ती लिहिणारी कोण हे त्यांना माहीत नाही. मी म्हटलं, पत्ता मिळवते.

ते खोटं आहे हे मला कळतं. तुझं त्यानं नुकसान होईल हेही कळतं, किती ते तुला जास्त ठाऊक. तरी मागते.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. तू चार वर्षांची होतीस, टायफॉइड झाला होता, दीड महिना. घरी दुसरं कोण होतं? रजा मागितली तर मिळाली नाही. तेव्हाचा मुकादम दुपारनंतर फिरकत नसे. रोज दुपारी अक्का माझ्या हातातल्या उरलेल्या चिठ्ठ्या काढून घ्यायची आणि म्हणायची, "जा तू, पोर एकटी आहे." मी मागच्या दारानं सुटायचे. दीड महिना बारा नंबरचे अर्धे गठ्ठे त्या बायकांनी बांधले. हात देणं तिथून सुरू झालं, तुझ्यापासून. तुला ओझं वाटू नये म्हणून बोलले नव्हते. आता वाटलं तरी चालेल.

पत्र एकतीस तारखेच्या आत पोचायला हवं.

मावशी

२७ मार्च

प्रिय मावशी,

तुझं पत्र रोज वाचलं. आधी एक कबूल करते, नाहीतर मला झोप लागायची नाही. टायफॉइडचं वाचल्यावर पहिला विचार मनात आला तो असा, की हे आधी कळलं असतं तर प्रबंधाचं दुसरं प्रकरण याच्यावरच उभं राहिलं असतं. मग माझीच मला शिसारी आली.

मी मॅडमना विचारलं. अशी ओळ लिहून दिली तर प्रबंध बनावट ठरतो. बनावट ठरला की नुसतं ऑनर्स जात नाही, विद्यापीठातून नाव काढतात, आणि मॅडमवरही येतं. पुढं कुठंच प्रवेश नाही. मी तीन वेळा कागद पुढं घेतला. तिन्ही वेळा 'रचलं' हा शब्द लिहून थांबले. त्यात रचलेलं काहीच नाही गं. शब्दन् शब्द खरा आहे. लहानपणी मी साखर खाऊन नाही म्हणाले, तेव्हा तू दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस. आता तूच मला सांगतेस.

पण मी हातावर हात ठेवून बसले नाही. साहेबांना मी तीन पानी पत्र पाठवलंय. त्यात दाखवून दिलंय, की या पद्धतीत टेबलाचे दोनशे ऐंशी गठ्ठे रोज पुरे होतात, कंपनीचं काहीच बुडत नाही, उलट जुनी माणसं टिकल्यामुळं काम सुधारतं. अक्कांच्या हाताबद्दल लिहिलंय, उरलेल्या सहा महिन्यांबद्दल लिहिलंय. आता लपवण्यात काही अर्थ नाही, म्हणून नाव आणि नंबर घालून, सरळ दयेची विनंती केलीय. मॅडमनी दोनदा तपासलं. त्या म्हणाल्या, इतकं नेमकं निवेदन त्यांनी फार कमी वाचलंय. मला वाटतं याचा उपयोग होईल. तो माणूस विचारी आहे.

भिंगरी

६ एप्रिल

भिंगरी,

चौकशी झाली. तुझी ओळ आली नव्हती, तरी प्रतिनिधी बोलायला उभे राहिले. म्हणाले, या पानांत नाव नाही, नंबर नाही, इस्पितळ नाही, ही कुठलीही लाँड्री असेल, नाहीतर कुठलीच नसेल. साहेब घड्याळ फिरवत बसले. अध्यक्ष मान डोलवत होते. आम्हाला वाटलं, सुटलो.

मग साहेबांनी पिशवीतून तुझं पत्र काढलं. नाव, नंबर, हात, सहा महिने, सगळं. पुढं बोलायला काही उरलं नाही. अक्काला काढली.

बाहेर आल्यावर प्रतिनिधींनी तो कागद माझ्यापुढं धरला. ही मुलगी कोण, ओळखता का, म्हणून विचारलं. तुझं अक्षर मी शंभरात ओळखीन, तुझा हात धरून मीच ते गिरवून घेतलंय. मी म्हटलं, नाही. आडनाव वेगळं असल्यानं त्यांनी पुढं विचारलं नाही.

पत्र छान लिहिलंस. साहेबसुद्धा तसं म्हणाले.

मावशी

३० एप्रिल

प्रिय मावशी,

तीन आठवडे तुला काय लिहावं ते सुचत नव्हतं. माझ्या हातून काय झालं ते मला कळतंय. चांगलं करायला गेले होते एवढंच म्हणते, तू त्यावर विश्वास ठेव किंवा ठेवू नकोस.

निकाल लागला. माझ्या प्रबंधाला पहिला क्रमांक मिळाला. नाव पुकारलं तेव्हा मी उठले, जाऊन पदक घेतलं आणि परत येऊन बसले. शेजारच्यांनी पाठ थोपटली. मला तुझी आठवण येत होती आणि तू तिथं नाहीस याचं बरंही वाटत होतं.

साहेबांच्या कंपनीचं बोलावणं आलं. मी हो म्हटलं. रागावू नकोस. आत शिरले तर पुढं कधीतरी अशा माणसांसाठी काही करता येईल. बाहेर राहून मी काय करणार?

प्रबंधाची बांधलेली प्रत वेगळ्या पोस्टानं पाठवतेय, निळ्या कापडाची, वर सोनेरी अक्षरं. तुझ्याजवळ असावी असं वाटलं. नको असली तर फेकून दे. अक्का कशा आहेत?

भिंगरी

२० मे

भिंगरी,

अक्का बरी आहे. तिच्या तोंडून दुसरं काही निघणार नाही, म्हणून तेच लिहिते. घर सोडून भाच्याच्या घरी गेलीय. त्यांच्या मागच्या खोलीत खाट टाकून दिलीय, आणि ती सगळ्यांचे कपडे घडी करते.

टेबलावर आता प्रत्येकीपुढं दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या ठोकल्यात. शेजारणीचे हात दिसत नाहीत. सुतळी बंद झाली, गठ्ठ्याला पट्टी लावायचं यंत्र आणलंय, सगळ्यांची पट्टी सारखी. नवी नोकरी सोडून गेली. जाताना तिनं प्रत्येकीकडं एकदा बघितलं. मी अजून कोणाला काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर त्या टेबलावर मला उभं राहता येणार नाही, आणि माझी अजून चौदा वर्षं आहेत. तुला नोकरीबद्दल काय बोलू? मीही माझी सांभाळतेच आहे.

रविवारी अक्का आली होती. तुझं पुस्तक आदल्याच दिवशी आलं होतं, मी ते लपवायच्या आत तिनं बघितलं. तिला वाचता येत नाही, पण सोनेरी अक्षरांवरून बोटं फिरवून म्हणाली, "आपल्या पोरीचं?" मी हो म्हटलं. म्हणाली, "वाच की मग. मला ऐकू दे."

मी नाही म्हणू शकले नाही. खुर्ची ओढली, पुस्तक उघडलं. नेमकं तिच्या हाताबद्दल लिहिलेलं पान निघालं, गाठींचं सगळं तिथंच होतं. मी त्या पानाकडं बघत तोंडाला येईल ते बोलत गेले. कुठल्या तरी शहराचं, तिथल्या नदीचं, पूल कसा बांधला त्याचं. मधेच पान उलटायचे. अर्धा तास वाचलं. इतकं खोटं मी सगळ्या जन्मात बोलले नसेन. ती डोळे मिटून ऐकत होती.

मग म्हणाली, "छान लिहिलंय. पण हे कोणाबद्दल आहे गं?"

मी म्हटलं, "कोणाबद्दल नाही."

"कोणाबद्दल नाही, मग एवढं जाड कशाला?" असं म्हणून ती हसली. मला हसता येईना.

निघताना दारात थांबली. म्हणाली, "तुला वाचायला जमत नाही, अडखळतेस. पोर सुट्टीत आली की तिच्याच तोंडून ऐकेन. पहिल्यापासून, सगळं. तिला सांग, मी मुद्दाम येईन."

मी बरं म्हटलंय. कधी येतेस ते कळव.

मावशी